जेम्स फोर्सिथ

जेम्स फोर्सिथ (इ.स. १८३८ – इ.स. १८७१) हे ब्रिटिश भारतातील लष्करी व मुलकी अधिकारी, वनाधिकारी, शिकारी आणि लेखक होते. बंगाल स्टाफ कोअरमध्ये ते कॅप्टन होते. मध्य प्रांतात त्यांनी वनखात्यात आणि पुढे निमाड जिल्ह्याचे जमाबंदी अधिकारी व डेप्युटी कमिशनर म्हणून काम केले. वऱ्हाडच्या उत्तर सीमेवरील सातपुडा, निमाड, बैतूल आणि पचमढी हा प्रदेश त्यांचे मुख्य कार्यक्षेत्र होता. शिकारी रायफलीच्या अचूकतेवरील 'द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स' आणि मध्य भारतातील डोंगराळ प्रदेशाचे वर्णन करणारा 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे त्यांचे दोन ग्रंथ प्रसिद्ध आहेत. दुसरा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर प्रकाशित झाला.

शिकारीच्या बंदुकीची अचूकता दूरच्या पाट्यावरील गोळ्यांच्या छिद्रांवरून ठरवू नये, तर जंगलातील जवळच्या पण अनिश्चित अंतरावरून पहिलीच गोळी मर्मस्थानी लागते की नाही यावरून ठरवावी, या विचाराभोवती त्यांचे रायफलविषयक लेखन फिरते.

प्रारंभिक जीवन

फोर्सिथ यांनी विद्यापीठीय शिक्षण घेऊन एम. ए. ही पदवी मिळवली. त्यानंतर ते सरकारी सेवेत भारतात आले. प्रारंभी त्यांची नेमणूक वनखात्यात सहायक वनसंरक्षक म्हणून झाली आणि काही काळ त्यांनी वनसंरक्षकाचे कामही पाहिले.

इ.स. १८६१ मध्ये नागपूरचा मुलूख आणि सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून मध्य प्रांताची स्थापना झाली. पुढील वर्षी सर रिचर्ड टेंपल यांनी तेथील चीफ कमिशनरपदाची सूत्रे हाती घेतली. हेच टेंपल पुढे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. नव्या प्रांतातील डोंगराळ भागाची, जंगलांची आणि वस्तीची सरकारला पुरेशी माहिती नव्हती. ती गोळा करण्याच्या कामी टेंपल यांनी ज्या तरुण अधिकाऱ्यांना लावले, त्यांत फोर्सिथ होते.

सातपुड्यातील भ्रमंती

इ.स. १८६२ च्या प्रारंभी फोर्सिथ पचमढीच्या पठारावर पोहोचले. तेथे त्यांनी बांधलेले घर 'बायसन लॉज' या नावाने ओळखले जाते. पचमढीचा शोध त्यांनी लावला, असे पर्यटकांना सांगितले जाते. मात्र हे पठार स्थानिकांना आणि यात्रेकरूंना फार पूर्वीपासून ठाऊक होते. तेथे कोरकू लोकांची वस्ती होती. महादेवाच्या दर्शनासाठी तेथे जाण्याची परंपरा जुनी असून आजही महाशिवरात्रीला चौरागडावर त्रिशूळ घेऊन आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारला जाणाऱ्यांत विदर्भातील भाविक मोठ्या संख्येने असतात. फोर्सिथ यांच्यामुळे हे ठिकाण सरकारी नकाशावर आणि इंग्रजी वाचकांच्या परिचयात आले, असे म्हणणे अधिक योग्य ठरते.

इ.स. १८६२ ते १८६४ या काळात त्यांनी प्रांताचा विस्तृत दौरा केला. नर्मदेच्या उगमाजवळील अमरकंटक, छत्तीसगडचे मैदान आणि पूर्वेकडील सालवृक्षांची जंगले त्यांनी पाहिली. पश्चिमेकडील सागाचा प्रदेश आणि पूर्वेकडील सालाचा प्रदेश यांतील प्राणिजीवन वेगळे आहे, हे त्यांनी नोंदवले. सालाच्या पट्ट्यात बाराशिंगा व तांबडा रानकोंबडा आढळतो. सागाच्या पट्ट्यात त्यांची जागा इतर प्राणी-पक्षी घेतात. पचमढीजवळ देनवा नदीच्या खोऱ्यात मुख्य पट्ट्यापासून तुटलेले सालाचे एक बेट आहे आणि तेथेही बाराशिंगा व तांबडा रानकोंबडा आढळतो, ही त्यांची नोंद विशेष महत्त्वाची मानली जाते.

निमाड आणि वऱ्हाडची सीमा

दौऱ्यानंतर फोर्सिथ यांची नेमणूक निमाड जिल्ह्यात झाली. इ.स. १८६४ मध्ये या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण मंडलेश्वरहून खंडव्याला हलवण्यात आले. तापीच्या खोऱ्यातील बऱ्हाणपूर आणि अशीरगड हे त्यांच्या कामाच्या टापूत होते. जमाबंदीसाठी गावोगाव फिरून त्यांनी जिल्ह्याचा जमीन महसुलाचा अहवाल तयार केला.

निमाड आणि बैतूल या दोन्ही जिल्ह्यांची दक्षिण सीमा वऱ्हाडला भिडते. गाविलगडचे डोंगर, मेळघाट, चिखलदरा आणि अकोल्याच्या उत्तरेकडील नरनाळा किल्ल्याचा परिसर हे याच सातपुड्याचे दक्षिण अंग होय. जंगल आणि त्यातील कोरकू वस्ती सलग असली तरी कारभार वेगवेगळा होता. इ.स. १८५३ च्या तहानुसार वऱ्हाड ब्रिटिशांच्या ताब्यात आला होता. परंतु त्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटच्या देखरेखीखाली चाले. वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला तो इ.स. १९०३ मध्ये. त्यामुळे फोर्सिथ यांचा अधिकार मेळघाटाच्या उंबरठ्यावर संपत असे. तथापि त्यांनी वर्णिलेले सागाचे जंगल, गवा, वाघ, अस्वल, उन्हाळ्यात आटत जाणारे पाणवठे आणि कोरकूंचे जीवन मेळघाटाच्या अभ्यासकाला ओळखीचे वाटते.

याच काळात लोहमार्ग या प्रदेशात आला. भुसावळहून अकोला व बडनेरामार्गे जाणारी शाखा इ.स. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचली, तर खंडव्यावरून जाणारा मार्ग इ.स. १८७० मध्ये जबलपूरला जोडला गेला. रुळांखालील स्लीपरांसाठी ठेकेदारांनी सागाची बेसुमार तोड केली. या नासाडीवर फोर्सिथ यांनी कडक टीका केली आहे.

रायफलविषयक ग्रंथ

पार्श्वभूमी

'द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स' हा ग्रंथ इ.स. १८६० च्या दशकाच्या प्रारंभी प्रसिद्ध झाला आणि त्याची सुधारित आवृत्ती इ.स. १८६७ मध्ये निघाली. त्या वेळी इंग्लंडमध्ये दूरच्या नेमबाजीचे मोठे आकर्षण होते. इ.स. १८६० मध्ये विम्बल्डन येथील स्पर्धेच्या उद्घाटनप्रसंगी राणी व्हिक्टोरिया यांनी टेकूवर घट्ट बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलीने ४०० यार्डांवरील लक्ष्याच्या मध्याजवळ गोळी मारली होती. लष्करातील १८५३ नमुन्याच्या एनफील्ड रायफलीवर कित्येक शे यार्डांपर्यंतच्या खुणा असलेली नेमपट्टी होती. लांबट गोळी हीच सर्वोत्तम, असे मत त्यामुळे रूढ झाले होते.

फोर्सिथ यांनी हे मत शिकारीपुरते नाकारले. मैदानावर अंतर मोजलेले असते, लक्ष्य स्थिर असते आणि नेमपट्टी हवी तशी लावायला वेळ असतो. सातपुड्याच्या झाडीत जनावर क्षणभर दिसते, बहुधा १०० ते १५० यार्डांच्या आत असते, आणि नेमके अंतर कोणालाच ठाऊक नसते. अशा वेळी अंतराचा अंदाज ३० – ४० यार्डांनी चुकणे साहजिक आहे. ही चूक पोटात घालू शकेल अशी बंदूक हवी, हा त्यांच्या विवेचनाचा पाया होता.

गोळीचा मार्ग आणि नेम

नळीतून बाहेर पडल्याबरोबर प्रत्येक गोळी गुरुत्वाकर्षणाने खाली येऊ लागते. हवेचा विरोध क्षणभर बाजूला ठेवला, तर पहिल्या पाव सेकंदात ती सुमारे ३० सेंटिमीटर आणि अर्ध्या सेकंदात सुमारे १२० सेंटिमीटर खाली येते. उड्डाणाचा वेळ दुप्पट झाला की उतार चौपट होतो. म्हणून गोळी जितकी वेगवान, तितका तिचा मार्ग सपाट आणि अंतराच्या अंदाजातील चूक तितकी कमी महत्त्वाची.

एनफील्डची लांबट गोळी सुमारे ५३० ग्रेन, म्हणजे ३४ ग्रॅम वजनाची होती आणि तिच्यामागे सुमारे अडीच ड्रॅम दारू असे. फोर्सिथ यांनी पुरस्कार केलेल्या १४ बोअरच्या रायफलीत गोल गोळी वापरली जाई. एक पौंड शिशाच्या १४ समान गोळ्या केल्या असता प्रत्येक गोळी जेवढी होते, तो १४ बोअर. अशी गोळी ५०० ग्रेन म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम वजनाची भरते आणि त्या बोअरचा व्यास साधारण १७.६ मिलिमीटर असतो. तिच्यामागे त्यांनी ५ ड्रॅम, म्हणजे जवळजवळ ९ ग्रॅम दारू सुचवली. वजन जवळपास तेच आणि दारू दुप्पट, यामुळे गोळीचा आरंभीचा वेग बराच वाढे. गोल गोळी हवेत लवकर मंदावते, हा तिचा दोष त्यांना मान्य होता; पण शिकारीच्या अंतरात तो दोष फारसा जाणवत नसे.

संथ पीळ

गोल गोळी आणि भरपूर दारू यांत एक अडचण होती. नळीतील सर्पिल खोबणींचा पीळ जलद असेल, तर जोराच्या धक्क्याने मऊ शिशाची गोळी खोबणींची पकड सोडून सरळ निसटते. मग तिला फिरकी मिळत नाही आणि नेम बिघडतो. फोर्सिथ यांनी त्यावर अतिशय संथ पीळ हा उपाय सांगितला. १४ बोअरच्या नळीसाठी त्यांनी १०४ इंचांत, म्हणजे सुमारे २.६४ मीटरमध्ये, एक फेरा असे प्रमाण दिले. या प्रमाणाने २६ इंची नळीत गोळी जेमतेम पाव फेरा घेते. एनफील्डमध्ये हाच फेरा ७८ इंचांत पूर्ण होई. लांबट गोळी उड्डाणात आडवी न होण्यासाठी तिला जास्त फिरकी लागते. गोल गोळीला थोडी फिरकी पुरते. या संथ पिळाबरोबर खोबणी उथळ व रुंद आणि त्यांमधील उंचवटे अरुंद ठेवावेत, असे त्यांचे म्हणणे होते. या रचनेला ठासणीच्या बंदुकांचे अभ्यासक आजही फोर्सिथ यांच्या नावाने ओळखतात.

टेकू आणि नेमाची स्थिरता

बंदूक कितीही अचूक असली तरी ती धरणाऱ्याचा हात, श्वास आणि चाप ओढण्याची पद्धत यांवर नेम अवलंबून असतो. मध्य भारतातील शिकारीत टेकूचे तीन प्रकार प्रचलित होते. पायी शिकारीत झाडाचे खोड, दगड किंवा स्वतःचा गुडघा यांचा आधार घेतला जाई. अशा वेळी नळी थेट कठीण वस्तूवर टेकवल्यास बार होताना ती उसळते आणि गोळी अपेक्षेपेक्षा वर जाते. म्हणून दस्त्याचा पुढचा भाग टेकवून मध्ये हात किंवा घडी केलेले कापड ठेवण्याची रीत होती. मचाणावर बसणाऱ्याला आडव्या फांदीचा आधार मिळे, पण वरून खाली नेम धरावा लागे. हत्तीवरील हौद्यात मात्र खरा टेकू नसतोच. हत्ती उभा राहिला तरी त्याच्या श्वासोच्छ्वासाबरोबर हौदा हलत राहतो. वाघाच्या शिकारीसाठी फोर्सिथ हत्तीला पसंती देत. खांद्याला नेमकी बसणारी आणि अंतराचा हिशेब करायला न लावणारी रायफल त्यांना हवी होती, त्यामागे हौद्यावरील हा अनुभवही होता.

दारू भरण्याची शिस्त

ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बार शिकाऱ्यालाच भरावा लागे. त्यामुळे अचूकता आणि सुरक्षितता या दोन्ही गोष्टी भरण्याच्या पद्धतीवर अवलंबून असत. दारू अंदाजाने न ओतता प्रत्येक वेळी ठरलेल्या मापाने घ्यावी लागे, कारण मापात फरक पडला की गोळी लागण्याची उंची बदलते. गोळीभोवती तेलकट कापडाची चकती घालून ती गजाने खाली बसवली जाई. गोळी दारूवर पूर्ण टेकणे अत्यावश्यक असे. मध्ये पोकळी राहिली तर दाब अनियमितपणे वाढून नळी फुगण्याचा किंवा फुटण्याचा धोका असतो. ही खात्री करण्यासाठी गजावर खूण केलेली असे. दारूच्या शिंगातून सरळ नळीत दारू ओतणे धोक्याचे मानले जाई, कारण आधीच्या बाराची ठिणगी आत शिल्लक असल्यास संपूर्ण शिंगच हातात पेट घेऊ शकते. म्हणून दारू आधी वेगळ्या मापात घेत. टोपी सर्वांत शेवटी आणि नळीचे तोंड माणसांपासून दूर ठेवूनच चढवली जाई.

वऱ्हाड-निमाडच्या हवामानामुळे आणखी एक अडचण येई. मोठी शिकार प्रामुख्याने चैत्र-वैशाखात, पाणवठे कमी झाल्यावर होई. काळ्या दारूची काजळी कोरड्या उन्हात कडक होऊन नळीत चिकटते. ती पुसली नाही तर पुढची गोळी अर्ध्यातच अडकते, आणि जखमी जनावर समोर असताना हा प्रसंग जिवावर बेतू शकतो. पावसाळ्यात याउलट दारू सर्दावून बार न उडण्याची भीती असे.

वाघासारख्या जनावरासाठी फोर्सिथ यांनी मोठ्या बोअरमधून उडवायच्या स्फोटक गोळ्यांचाही पुरस्कार केला होता. अशा गोळ्या बाळगणे व भरणे धोक्याचे असल्याने त्या पुढे मागे पडल्या.

जखमी जनावराचा प्रश्न

फोर्सिथ यांच्या काळात रायफलीची चर्चा हा केवळ हौसेचा विषय नव्हता. चुकीच्या जागी गोळी लागलेला वाघ झाडीत शिरला की शिकारी तळावर परतत असे. पण दुसऱ्या दिवशी त्याच झाडीत गुराखी, मोहफुले वेचणाऱ्या स्त्रिया आणि लाकूडतोडे यांना जावे लागे. जखमेमुळे नेहमीची शिकार साधेनाशी झालेला वाघ गुरांकडे किंवा माणसांकडे वळण्याचा संभव असतो. पुष्कळदा जखमी जनावराचा माग काढण्याचे काम स्थानिक वाटाड्यांवर पडे आणि त्यांच्या हाती फार तर कुऱ्हाड असे.

बैतूलच्या पश्चिमेकडील जंगलात फोर्सिथ यांनी एका नरभक्षक वाघाचा सुमारे आठवडाभर पाठलाग करून त्याला मारले. या वाघामुळे अनेक रस्ते बंद पडले होते आणि त्याने शंभराहून अधिक माणसे मारल्याचा अंदाज होता. वाघांचे त्यांनी रानातील जनावरांवर जगणारे, गुरे मारणारे आणि नरभक्षक असे तीन प्रकार मानले. त्यांपैकी पहिल्या प्रकारचा वाघ हरणे व डुकरे यांची संख्या आटोक्यात ठेवून शेतकऱ्याला उपयोगीच पडतो, असे त्यांचे मत होते. सरकार सरसकट सर्व वाघांवर बक्षिसे लावत असतानाच्या काळातील हे मत उल्लेखनीय आहे.

'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया'

या ग्रंथात प्रदेशाचा भूगोल, जंगले, गोंड, कोरकू व बैगा या जमाती, प्राणिजीवन आणि शिकार यांचे वर्णन आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांची लिंगो देवाची कथा संकलित केली होती. हिस्लॉप यांचा मृत्यू इ.स. १८६३ मध्ये झाला व त्यांची टिपणे टेंपल यांनी इ.स. १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्या कथेवर आधारित इंग्रजी पद्यरचना फोर्सिथ यांनी आपल्या ग्रंथात समाविष्ट केली.

ग्रंथाचे हस्तलिखित तयार झाले तरी ते छापून झालेले पाहणे फोर्सिथ यांच्या नशिबी नव्हते. इ.स. १८७१ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षाच्या सुमारास, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. ग्रंथ त्याच वर्षी काही महिन्यांनी लंडनमधील चॅपमन अँड हॉल या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला.

मूल्यमापन

फोर्सिथ यांच्या निरीक्षणशक्तीचा गौरव होत असला तरी त्यांच्या लेखनाला मर्यादा आहेत. आदिवासी समाजांविषयीच्या त्यांच्या वर्णनात वसाहतकालीन राज्यकर्त्याची श्रेष्ठत्वाची भावना दिसते. जंगल जाळून केल्या जाणाऱ्या दाह्या पद्धतीच्या फिरत्या शेतीला त्यांनी सागाच्या नाशाचे मोठे कारण मानले आणि तिच्यावर निर्बंध घालण्याची बाजू घेतली. या धोरणामुळे ज्यांचे पोट त्या शेतीवर होते, त्या कोरकू व गोंड कुटुंबांचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्यांच्या लेखनात दुय्यम राहतो. जंगलाच्या ऱ्हासाविषयी खंत व्यक्त करणाऱ्या या ग्रंथानेच अनेक शिकाऱ्यांना सातपुड्याची वाट दाखवली, हीसुद्धा त्यातील विसंगती आहे.

रायफलशास्त्राच्या दृष्टीने त्यांची गोल गोळीची शिफारस लवकरच कालबाह्य झाली. मागून काडतूस भरण्याच्या बंदुका रूढ झाल्या, हलक्या लांबट गोळीमागे भरपूर दारू असलेल्या 'एक्स्प्रेस' रायफली लोकप्रिय झाल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूररहित दारू आली. मात्र शिकारीच्या अंतरात सपाट मार्ग असावा, हे फोर्सिथ यांनी मांडलेले उद्दिष्टच या नव्या रायफलींनी अधिक चांगल्या रीतीने साध्य केले. काळ्या दारूसाठी सांगितलेली मापे धूररहित दारूला लागू होत नाहीत. दोन्हींची अदलाबदल केल्यास बंदूक फुटू शकते, हे त्यांचा ग्रंथ आज वाचताना ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

वारसा

पचमढीतील बायसन लॉजमध्ये पुढे वनविभागाचे संग्रहालय करण्यात आले. पचमढी व बोरीचा परिसर आज सातपुडा व्याघ्रप्रकल्पात येतो. अमरावती जिल्ह्यातील मेळघाट इ.स. १९७३-७४ मध्ये देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांमध्ये समाविष्ट झाला. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार भारतात वन्य प्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे, आणि शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय शस्त्रे किंवा दारूगोळा तयार करता येत नाही. त्यामुळे फोर्सिथ यांचा रायफलविषयक ग्रंथ आता शस्त्रास्त्रांच्या इतिहासाचे साधन म्हणून वाचला जातो, तर सातपुड्यातील जंगले, प्राणी व वस्ती दीडशे वर्षांपूर्वी कोठे आणि कशी होती हे तपासण्यासाठी वन्यजीव अभ्यासक त्यांच्या दुसऱ्या ग्रंथाचा आधार घेतात.